पहिल्या टप्प्यातला वृषणाचा कर्करोग परत आला, त्याविषयी

वृषणाच्या कर्करोगासाठी माझी शस्त्रक्रिया झाली तेव्हा आजार पहिल्या टप्प्यात होता. गाठ वृषणापुरतीच मर्यादित होती, स्कॅनमध्ये पोटात किंवा छातीत काही दिसत नव्हते आणि रक्तातले ट्यूमर मार्कर, म्हणजे आजाराची खूण देणारे घटक, शस्त्रक्रियेनंतर अपेक्षेप्रमाणे उतरून सामान्य पातळीवर आले होते. त्यानंतर वर्ष पुरे होण्याच्या आत आजार परत आला. उपचार संपून आता बराच काळ लोटला आहे, प्रकृती चांगली आहे, आणि त्या दिवसांविषयी शांतपणे लिहिता येईल असे वाटते. लिहिण्याचे कारण एवढेच, की या आजारात ‘परत येण्याची शक्यता’ आणि ‘जीव जाण्याची शक्यता’ हे दोन आकडे एकमेकांपासून फार दूर आहेत, आणि तरीही घरच्यांपासून ओळखीच्यांपर्यंत जवळजवळ प्रत्येकजण ते एकच धरून चालतो. डॉक्टर हा फरक पहिल्याच भेटीत सांगतात. पण त्या भेटीत माणूस जे ऐकतो त्यातले फारच थोडे त्याच्या लक्षात राहते.

पुरुषांना होणाऱ्या एकूण कर्करोगांत या आजाराचा वाटा साधारण एक टक्का आहे, मात्र अनेक देशांत १५ ते ३५ या वयोगटातल्या पुरुषांमध्ये गाठीच्या स्वरूपातला सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. यातले बहुसंख्य कर्करोग जननपेशींपासून निघतात आणि त्यांचे दोन मोठे गट पडतात: सेमिनोमा आणि नॉन-सेमिनोमा. सेमिनोमा तुलनेने संथ वाढतो; नॉन-सेमिनोमामध्ये निरनिराळ्या प्रकारच्या पेशी एकत्र असू शकतात आणि त्यांची वाढ अधिक वेगाने होते. माझा आजार दुसऱ्या गटातला, मिश्र स्वरूपाचा होता. हा तपशील नीरस वाटेल, पण पुढे किती सावध राहायचे, किती काळ राहायचे आणि कशावर लक्ष ठेवायचे हे सगळे त्यावरच ठरते. त्यामुळे ज्यांना हा आजार झाला आहे त्यांनी आपल्या पॅथॉलॉजी रिपोर्टमधल्या त्या दोन-तीन ओळी डॉक्टरांकडून नीट समजून घ्याव्यात, असे मी आवर्जून सांगतो.

गाठ पूर्ण निघाली होती, तरी आजार परत कसा आला, हा पहिला प्रश्न प्रत्येकजण विचारतो. त्याचे उत्तर शस्त्रक्रियेत नसून शरीराच्या घडणीत आहे. गर्भावस्थेत वृषणे पोटाच्या मागच्या भागात, मूत्रपिंडांजवळ तयार होतात आणि नंतर खाली वृषणकोशात उतरतात. उतरताना ती आपल्या रक्तवाहिन्या आणि लसिका (लिम्फ) हा द्रव वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्या सोबत घेऊन येतात. म्हणून वृषणातली लसिका अगदी जवळच्या, जांघेतल्या ग्रंथींकडे न जाता थेट वर, महाधमनीच्या आजूबाजूच्या ग्रंथींकडे जाते. डाव्या वृषणाची ही वाट बहुधा महाधमनीच्या डावीकडे, मूत्रपिंडाच्या शिरेच्या आसपास पोहोचते, तर उजव्या वृषणाची वाट महाधमनी आणि तिच्या शेजारची महाशीर यांच्या मधल्या ग्रंथींपाशी. शस्त्रक्रियेत छेद वृषणकोशावर न घेता जांघेत घेतात आणि शुक्ररज्जू, म्हणजे वृषणाला वर जोडणारी दोरी, जितकी वर बांधता येईल तितकी वर बांधतात, त्यामागेही हेच कारण आहे. वृषणकोशाच्या त्वचेची लसिका जांघेतल्या ग्रंथींकडे जाते, आणि तिथून छेद घेतला तर आजाराला एक नवी वाट उघडून दिल्यासारखे होते. संशय आला तरी वृषणकोशातून सुई घालून तपासणी करणे टाळतात, तेही याचसाठी.

गाठ निघण्यापूर्वीच काही पेशी या वाटेने वर जाऊन बसलेल्या असू शकतात. सीटी स्कॅनमध्ये लसिकाग्रंथी साधारण सेंटिमीटरभर होईपर्यंत ती निर्विवादपणे रोगट म्हणता येत नाही, आणि त्याहून लहान ग्रंथीत काही हजार पेशी दडलेल्या असल्या तर त्या दाखवणारी तपासणी नेहमीच्या वापरात अजून आलेली नाही. थोडक्यात, ज्याला आपण आजार परत आला असे म्हणतो तो शस्त्रक्रियेनंतर नव्याने उगवलेला नसतो. शस्त्रक्रियेच्या दिवशी तो तिथे होताच, फक्त दिसण्याइतका मोठा नव्हता. हे समजल्यावर माझ्या मनातला एक मोठा गुंता सुटला. आपण मधल्या काळात काय खाल्ले, किती दगदग केली, जड उचलले का, झोप कमी घेतली का, हा हिशेब मांडण्यात अर्थ नाही. शस्त्रक्रियेत गाठीला हवा लागते आणि ती पसरते, असे सांगणारेही भेटतात. त्यांच्याशी वाद घालण्याची ताकद त्या काळात नसते, तेव्हा ऐकून सोडून द्यावे.

आता आकड्यांकडे येतो, कारण निर्णय त्यांच्याच आधारावर घ्यायचा असतो. पहिल्या टप्प्यातल्या सेमिनोमात, शस्त्रक्रियेनंतर आणखी कोणताही उपचार न देता फक्त लक्ष ठेवले, तर शंभरातल्या साधारण १५ ते २० जणांमध्ये आजार परत येतो. गाठ चार सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा वृषणातल्या नलिकांच्या जाळीत शिरलेली असेल, तर शक्यता थोडी वाढते. नॉन-सेमिनोमात सरसकट पाहिले तर हे प्रमाण शंभरात तीसच्या आसपास आहे, पण त्याचे दोन भाग पडतात. गाठीतल्या पेशी रक्तवाहिन्यांत किंवा लसिकावाहिन्यांत शिरलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या, तर शक्यता जवळपास निम्मी होते. तशा दिसल्या नाहीत, तर ती शंभरात १५च्या आसपास उतरते. माझ्या रिपोर्टमध्ये त्या दिसल्या नव्हत्या.

आणि दुसरा आकडा असा: पहिल्या टप्प्यातल्या रुग्णांनी निरीक्षणाचा मार्ग घेवो, केमोचा घेवो किंवा पोटातल्या ग्रंथी काढण्याच्या शस्त्रक्रियेचा घेवो, दीर्घकाळ जगण्याचे प्रमाण सगळ्या मार्गांत ९९ टक्क्यांच्या घरात आहे. पहिला आकडा मार्गानुसार खालीवर होतो, दुसरा जवळजवळ जागचा हलत नाही. वृषणाच्या कर्करोगाविषयी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही आहे, असे माझे मत आहे.

आजार परत आल्यावर माझ्या थोरल्या भावाने नेमका हाच धागा पकडला. तो म्हणाला, “पहिल्यांदाच केमो घेऊन टाकली असती तर हे झालंच नसतं ना?” त्याच्या प्रश्नात राग नव्हता, माया होती, आणि तर्कही चुकीचा नव्हता. नॉन-सेमिनोमात शस्त्रक्रियेनंतर लगेच केमोचे एक चक्र दिले तर आजार परत येण्याचे प्रमाण शंभरात दोन-तीनपर्यंत खाली येते, आणि सेमिनोमात कार्बोप्लॅटिनच्या एका मात्रेने ते पाचच्या आसपास येते. मग सगळ्यांनाच ते का देत नाहीत? मी त्याला कागदावर मांडून दाखवले. माझ्यासारखे शंभर जण घेतले तर त्यातले सुमारे ८५ जण शस्त्रक्रियेनेच बरे झालेले असतात. सगळ्यांना केमो दिली तर या ८५ जणांना गरज नसलेले औषध मिळते, आणि ते औषध निरुपद्रवी नाही. या केमोतल्या सिस्प्लॅटिन या मुख्य औषधामुळे कानांत आवाज येणे, वरच्या पट्टीतले आवाज ऐकू न येणे, हातापायांच्या बोटांत बधिरपणा राहणे, मूत्रपिंडांवर ताण येणे हे परिणाम होतात. पुढे हृदयविकाराचा आणि दुसऱ्या एखाद्या कर्करोगाचा धोकाही काहीसा वाढतो. एका चक्रात हे परिणाम कमी असतात, पण विशी-तिशीतल्या माणसाला पुढची चाळीस-पन्नास वर्षे ते शरीर वापरायचे असते. दुसरीकडे, लक्ष ठेवल्यावर उरलेल्या पंधरा जणांचा आजार वेळेत सापडतो आणि त्यांच्यापैकी जवळजवळ सगळे बरे होतात. फक्त त्यांना एका चक्राऐवजी तीन चक्रे घ्यावी लागतात. पंधरांवर हा भार टाकून पंच्याऐंशींना केमोपासून वाचवायचे, असा तो सौदा आहे. मी त्या पंधरांत निघालो म्हणून सौदा खोटा ठरत नाही.

भावाला हे पटले की नाही, मला ठाऊक नाही. तो म्हणाला, “तुझ्यासाठी पंधरा टक्के असं काही नव्हतंच, एकतर होणार होतं किंवा नाही.” त्याचेही म्हणणे खरे आहे आणि शंभर माणसांचा हिशेब एका माणसाला जगता येत नाही, पण निर्णय घेताना दुसरा कोणताच हिशेब हाताशी नसतो. माझ्या रिपोर्टमध्ये रक्तवाहिन्यांत पेशी शिरलेल्या दिसल्या असत्या आणि शक्यता निम्मी असती, तर मी कदाचित एक चक्र घेऊन मोकळा झालो असतो. त्या गटातले काही जण तेच करतात, काही जण तरीही निरीक्षणच निवडतात, आणि दोन्ही निर्णय समंजस आहेत. ज्यांना ठरलेल्या तारखांना तपासणीसाठी जाणे शक्य नाही, सतत फिरतीची नोकरी आहे किंवा स्कॅनच्या आधीची धास्ती ज्यांना कामच करू देत नाही, त्यांच्यासाठी मात्र निरीक्षण हा मार्ग कागदावर कितीही चांगला असला तरी योग्य नाही, असे मला वाटते.

हे स्वातंत्र्य आपल्याला मिळाले आहे ते एका औषधामुळे, आणि त्याची कथा थोडी सांगण्यासारखी आहे. १९६५ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ विद्युत क्षेत्राचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. जिवाणूंचे विभाजन थांबले आणि ते लांबच लांब तंतूंसारखे वाढू लागले. शोध घेतल्यावर कळले, की हा परिणाम विजेचा नसून इलेक्ट्रोडमधल्या प्लॅटिनमपासून द्रावणात तयार झालेल्या संयुगांचा होता. त्यातूनच पुढे सिस्प्लॅटिन आले. १९७४ मध्ये इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते व्हिनब्लास्टिन आणि ब्लिओमायसिन यांच्या जोडीने वृषणाच्या पसरलेल्या कर्करोगावर वापरले, आणि ज्या अवस्थेत आधी बहुतेक रुग्ण दगावत असत त्या अवस्थेतले बहुसंख्य रुग्ण बरे होऊ लागले. अमेरिकेत १९७८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. पुढे व्हिनब्लास्टिनची जागा इटोपोसाइडने घेतली, आणि ब्लिओमायसिन, इटोपोसाइड, सिस्प्लॅटिन हा आजही वापरला जाणारा संच तयार झाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला बीईपी म्हणतात.

पसरलेला आजारही बरा करता येतो हे सिद्ध झाल्यावरच, शस्त्रक्रियेनंतर काहीही न देता थांबून पाहण्याचे धाडस डॉक्टरांना करता आले. लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयात मायकेल पेकहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या टप्प्यातल्या नॉन-सेमिनोमाच्या रुग्णांवर हा मार्ग अवलंबला आणि १९८२ मध्ये त्याचे अनुभव प्रसिद्ध केले. निरीक्षण म्हणजे काहीच न करणे, असा समज अजूनही आढळतो. प्रत्यक्षात ते मागे भक्कम औषध उभे आहे या भरवशावर केलेले, काटेकोर वेळापत्रकाचे काम आहे.

वेळापत्रक आजाराच्या गटाप्रमाणे बदलते. नॉन-सेमिनोमा परत यायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांतच येतो, आणि त्यातही मोठा भाग पहिल्या वर्षात. म्हणून सुरुवातीला रक्ततपासणी फार जवळजवळ असते. सेमिनोमा जरा उशिरा डोके वर काढतो, पहिल्या तीन वर्षांत बहुतेक प्रकरणे सापडतात, पण तुरळक त्यानंतरही. स्कॅन किती वेळा करायचे हा जुना प्रश्न आहे, कारण प्रत्येक सीटी स्कॅनबरोबर थोडा किरणोत्सर्गही शरीरात जातो आणि तरुण रुग्णाच्या बाबतीत तो नगण्य मानता येत नाही. ब्रिटनमध्ये ४१४ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, कमी धोक्याच्या नॉन-सेमिनोमात तिसऱ्या आणि बाराव्या महिन्यात केलेले दोन स्कॅन पाच स्कॅनइतकेच समाधानकारक ठरले. सेमिनोमासाठी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रिस्ट या चाचणीत सातऐवजी तीन स्कॅन आणि सीटीऐवजी एमआरआय, हे दोन्ही पर्याय स्वीकारण्याजोगे असल्याचे दिसले. सांगायचा मुद्दा असा, की आपल्या डॉक्टरांनी ओळखीतल्या कोणापेक्षा कमी स्कॅन सांगितले तर ती हयगय असेलच असे नाही.

माझ्या बाबतीत पहिली खूण रक्तात दिसली. अल्फा-फीटोप्रोटीन, ज्याला सगळे एएफपी म्हणतात, ते सामान्य मर्यादेच्या किंचित वर गेले. मला शारीरिक त्रास कोणताच नव्हता, आणि या आजारात तसे असणे नेहमीचेच आहे. कंबरेत किंवा पाठीत सतत दुखणे, दम लागणे, न थांबणारा खोकला, मानेच्या डाव्या बाजूला गळपट्टीच्या हाडाच्या वर गाठ लागणे, स्तनांना सूज येणे ही लक्षणे सांगितली जातात आणि ती माहीत असावीत. पण वेळापत्रक पाळणाऱ्यांमध्ये आजार लक्षणे दिसण्याआधी मार्कर किंवा स्कॅनमध्येच सापडतो. त्यासाठीच तर हा सारा खटाटोप असतो.

डॉक्टरांनी त्या एका आकड्यावरून काहीही ठरवले नाही. “आपण ही तपासणी थोड्या दिवसांनी पुन्हा करू, तोवर तुम्ही निष्कर्ष काढू नका,” असे ते म्हणाले. हे काही धीर देण्यापुरते बोलणे नव्हते. यकृताच्या विकारांत एएफपी वाढू शकते, आणि काही निरोगी माणसांतही ते जन्मापासून किंचित वर असते. बीटा-एचसीजी या दुसऱ्या मार्करच्या बाबतीत तर आणखी गंमत आहे. एक वृषण काढल्यावर टेस्टोस्टेरॉन कमी पडू लागले तर पिट्यूटरी ग्रंथी दुसरे एक संप्रेरक जास्त सोडते, आणि काही चाचण्या त्यालाच एचसीजी समजून वाढीव आकडा दाखवतात. गांजाच्या सेवनानेही तो वाढल्याच्या नोंदी आहेत. एलडीएच हा तिसरा मार्कर तर इतक्या कारणांनी हलतो की एकट्या त्याच्यावर कोणी विसंबत नाही. शुद्ध सेमिनोमात एएफपी वाढत नाही. ते वाढले तर आजारात नॉन-सेमिनोमाचा अंश आहे असे धरून चालतात. अशा वेळी एका आकड्यापेक्षा त्याची दिशा अधिक बोलते. माझा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा वर होता आणि तिसरा त्याहून वर. मग स्कॅन झाला आणि महाधमनीच्या डाव्या बाजूला एक ग्रंथी मोठी झालेली दिसली, शरीररचनेने आधीच सांगून ठेवलेल्या जागी. वाढते मार्कर आणि नेमकी ती जागा एकत्र आल्यावर सुई घालून तुकडा तपासण्याची गरज राहिली नाही.

रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरांसमोर बसलो होतो तेव्हा पत्नीने विचारले, “म्हणजे आता हा शेवटच्या टप्प्यात गेला का?” डॉक्टरांनी तिला समजावले, की आजाराचा टप्पा बदलला आहे, पण रोगनिदानाच्या गटात मी अजूनही ‘चांगल्या’ गटातच आहे. या आजाराच्या पसरलेल्या अवस्थेची चांगला, मध्यम आणि बिकट अशा तीन गटांत विभागणी करण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत १९९७ पासून आहे, आणि ती मार्करची पातळी, आजार कोणत्या अवयवात आहे आणि मूळ गाठ कुठली यांवर ठरते. २०२१ मध्ये त्या पद्धतीचे आकडे नव्याने तपासले गेले, तेव्हा चांगल्या गटातल्या नॉन-सेमिनोमाच्या रुग्णांत पाच वर्षे जगण्याचे प्रमाण सुमारे ९६ टक्के आढळले. नियमित तपासणीत सापडलेले बहुतेक रुग्ण याच गटात बसतात. पत्नीने तो आकडा वहीत लिहून घेतला.

उपचार बीईपीच्या तीन चक्रांचा होता. एक चक्र तीन आठवड्यांचे असते. पहिले पाच दिवस सिस्प्लॅटिन आणि इटोपोसाइड रोज, आणि ब्लिओमायसिन आठवड्यातून एकदा. सुरू करण्याआधी वीर्य गोठवून ठेवण्याविषयी विचारले गेले आणि मी ते केले. तीन चक्रांनंतर बहुतेकांची शुक्रजंतूंची निर्मिती वर्ष-दोन वर्षांत पूर्ववत होते, पण सर्वांची होत नाही, आणि ज्यांच्या एका वृषणात आजार होता त्यांच्यापैकी अनेकांमध्ये उरलेल्या वृषणाचे काम आधीपासूनच कमी असते. हा विषय डॉक्टरांनी काढला नाही तर रुग्णाने काढावा, अविवाहित असला तरी. औषध सुरू झाल्यावर हे आठवून उपयोग नसतो.

केमोच्या दिवसांचे वर्णन मी करणार नाही. मळमळ, थकवा आणि केस जाणे याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि माझ्या अनुभवात त्याहून वेगळे फारसे नव्हते. एक गोष्ट मात्र लिहिलीच पाहिजे. या उपचारात वेळ पाळणे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. पांढऱ्या पेशी थोड्या कमी आहेत म्हणून चक्र पुढे ढकलणे किंवा मात्रा कमी करणे इतर अनेक कर्करोगांत चालून जाते. इथे डॉक्टर ते शक्यतो टाळतात, आणि गरज पडली तर पेशी वाढवणारी इंजेक्शने देतात, पण तारीख सांभाळतात. ताप आला तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचे, हा नियम घरातल्या सगळ्यांना पाठ असायला हवा. धाप लागली किंवा कोरडा खोकला सुरू झाला तर तेही लगेच सांगायचे, कारण ब्लिओमायसिन फुप्फुसांना इजा करू शकते.

सिस्प्लॅटिनने कानांत जो बारीक शिट्टीसारखा आवाज सुरू केला, तो अजून आहे. शांत खोलीत तो जाणवतो, कामात असताना नाही.

उपचारांनंतरचा स्कॅन हा माझ्या मते या सगळ्या प्रवासातला सर्वात अवघड टप्पा आहे, कारण तोवर माणूस सुटल्याच्या भावनेत असतो. मार्कर सामान्य झाले तरी ग्रंथी एक सेंटिमीटरपेक्षा मोठी राहिली तर नॉन-सेमिनोमात ती शस्त्रक्रियेने काढावी लागते. काढलेल्या ऊतीत साधारण निम्म्या वेळा फक्त मेलेल्या पेशी आणि व्रण सापडतो, सुमारे चाळीस टक्के वेळा टेराटोमा या प्रकारची गाठ, आणि उरलेल्या थोड्यांत जिवंत कर्करोग. टेराटोमा सौम्य दिसतो, मात्र केमोला दाद देत नाही आणि पुढे वाढून किंवा बिघडून त्रास देऊ शकतो, त्यामुळे तो आत ठेवत नाहीत. ही शस्त्रक्रिया मोठी आहे. महाधमनीजवळच्या सूक्ष्म चेतातंतूंना धक्का लागला तर वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाऊ लागते. ते तंतू सांभाळण्याचे तंत्र अनुभवी शल्यविशारदांकडे असते, म्हणून अशी शस्त्रक्रिया वारंवार जिथे होते तिथेच ती करून घ्यावी. माझी ग्रंथी मर्यादेच्या आत आकसली आणि मला त्या टेबलावर जावे लागले नाही. सेमिनोमात नियम वेगळा आहे: तिथे उरलेली गाठ तीन सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तर पेट (PET) स्कॅनचा आधार घेतात आणि बहुधा थांबून पाहतात.

या क्षेत्रात अजून बदल होत आहेत. रक्तातल्या एका सूक्ष्म आरएनएच्या पातळीवरून, मार्कर आणि स्कॅन दोघांच्याही आधी आजार ओळखता येईल का, यावर बरेच काम चालू आहे आणि निष्कर्ष आशादायक आहेत. पोटातल्या मोजक्या ग्रंथींपुरता मर्यादित सेमिनोमा केमो टाळून केवळ शस्त्रक्रियेने हाताळण्याचे प्रयोगही झाले आहेत. माझ्यानंतर या वाटेवर येणाऱ्यांचे निर्णय माझ्याहून वेगळे असतील, आणि असावेत.

माझ्यापुरते पाहिले तर आता आजार परत येण्याची शक्यता फार कमी आहे, शून्य नाही. दोन वर्षांनंतर, क्वचित दहा-पंधरा वर्षांनंतरही तो परत आल्याची उदाहरणे आहेत. असा उशिरा आलेला आजार केमोला तितकासा जुमानत नाही आणि त्यात शस्त्रक्रियेला अधिक महत्त्व असते. दुसऱ्या वृषणात स्वतंत्रपणे नवा कर्करोग होण्याची शक्यताही शंभरात दोन ते पाच इतकी आहे, म्हणून महिन्यातून एकदा ते स्वतः चाचपून पाहतो. पॅथॉलॉजी रिपोर्ट, केमोच्या एकूण मात्रा आणि शेवटच्या स्कॅनचा अहवाल यांच्या प्रती घरात एका ठिकाणी ठेवल्या आहेत, कारण दहा वर्षांनी पाठदुखीसाठी ज्या डॉक्टरांकडे जाईन त्यांना यातले काहीच माहीत नसेल. पुढे कधी भूल घेण्याची वेळ आली तर ब्लिओमायसिन मिळाले होते हे भूलतज्ज्ञांना सांगायचे, हे पत्नीलाही ठाऊक आहे. तपासण्यांमधले अंतर आता बरेच वाढले आहे. त्या वेळी मार्करबरोबर रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडांचे कार्य आणि टेस्टोस्टेरॉनही पाहिले जावे, असे मी डॉक्टरांना सांगून ठेवले आहे.